दवंडी आणि कान : रक्तातल्या एका कृमीचा इतिहास

१८५१ साली कैरोतल्या कस्र-अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ हा सव्वीस वर्षांचा जर्मन डॉक्टर शवविच्छेदने करत होता. आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत त्याला काही पांढरे, लांबट कृमी दिसले. आतड्यात जंत सापडणे ही त्या काळच्या वैद्यांना नवलाची गोष्ट नव्हती. हे कृमी मात्र थेट रक्तात राहत होते. नर जेमतेम सेंटिमीटरभर. त्याच्या अंगाला पन्हाळीसारखी खोबण आणि तिच्यात दोऱ्याएवढी बारीक मादी. बिल्हार्झने हे सगळे आपले गुरू फॉन सिबोल्ड यांना पत्रांतून कळवले. लघवीतून रक्त जाण्याचा जो आजार इजिप्तमध्ये घरोघरी होता, त्याच्याशी या कृमीच्या अंड्यांचा संबंध आहे, हेही त्याने लवकरच दाखवून दिले. १८६२ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो टायफसने कैरोतच वारला. त्याच्या नावावरून रोगाला बिल्हार्झिया म्हणू लागले. शास्त्रीय व्यवहारात कृमीचे नाव शिस्टोसोमा.

रोग अर्थातच बिल्हार्झपेक्षा फार जुना. १९१० साली मार्क आर्मंड रफर या संशोधकाने विसाव्या राजवंशातल्या ममींच्या मूत्रपिंडांत याच कृमीची अंडी शोधून काढली. म्हणजे निदान तीन हजार वर्षे हा पाहुणा नाईलकाठच्या माणसांच्या रक्तात मुक्कामाला आहे.

मुक्काम हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. हा कृमी माणसाच्या शिरांत पाच-दहा वर्षे राहतो, क्वचित तीस वर्षेही. रक्त म्हणजे शरीराच्या पहाऱ्याचा हमरस्ता. पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे याच वाटेने फिरतात. सूक्ष्मदर्शकाखालीही धड न दिसणारा जंतू जिथे काही तासांत पकडला जातो, तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसणारी ही जोडी वर्षानुवर्षे अंडी घालत सुखाने नांदते. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण इथे अपुरी पडते, कारण बिळाचा मालक घरातच आहे, जागा आहे आणि हत्यारबंदही आहे. मग हे जमते कसे? या प्रश्नाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मिळालेली उत्तरे एकामागोमाग एक वाचली, की रोग आणि शरीर यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी बदलत गेली ते दिसते. तो इतिहास मला इथे मांडायचा आहे.

आकृतीतला एक बाण

कृमी माणसात शिरतो कसा, हे कळायलाही साठ वर्षे लागली. १९१३ साली जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिथल्या शिस्टोसोमाचे पिल्लू गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत वाढते हे दाखवले. १९१५ मध्ये रॉबर्ट लायपरने इजिप्तमध्ये तेच सिद्ध केले. शिवाय लघवीच्या मार्गाला त्रास देणारा कृमी आणि आतड्याला त्रास देणारा कृमी या दोन वेगळ्या जाती आहेत, हा जुना वादही त्याने मिटवला. मूत्राशयाजवळ राहणारा तो शिस्टोसोमा हिमाटोबियम, आतड्याजवळ राहणारा तो शिस्टोसोमा मॅन्सोनी. पुढच्या बहुतेक प्रयोगांत आपल्याला मॅन्सोनीच भेटेल, कारण तो प्रयोगशाळेत उंदरांमध्ये वाढवता येतो.

प्राणिशास्त्र शिकवताना या कृमीचा जीवनक्रम मी फळ्यावर वर्षानुवर्षे काढला आहे. अंडे पाण्यात पडते, फुटते, त्यातली अळी गोगलगाईत शिरते, तिथे तिची संख्या हजारोंनी वाढते, शेपटीवाली पिल्ले पाण्यात उतरतात, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात, रक्तातून फिरत यकृतात येतात, मोठी होतात, जोड्या जमवतात आणि शिरांमध्ये अंडी घालतात. मग माणसाच्या चित्रापासून पाण्याच्या चित्राकडे एक बाण काढायचा आणि वर्तुळ पूर्ण करायचे. क्रमिक पुस्तकात त्या बाणापाशी ‘अंडी मलमूत्रावाटे बाहेर पडतात’ एवढेच लिहिलेले असते. पण अंडे घातले जाते शिरेच्या आत. त्याला पाय नाहीत, शेपूट नाही. शिरेची भिंत आणि आतड्याची भिंत ओलांडून ते बाहेर येते कसे? या साऱ्या कथेचे मर्म त्या बाणात आहे.

बाणाकडे वळण्याआधी थोडे कोकणात जाऊ. हा रोग आफ्रिकेचा, मध्यपूर्वेचा, असे आपण समजतो आणि ते बरोबरही आहे. पण १९५२ साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, गिमवी नावाच्या खेड्यात, लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आणि त्यांच्या लघवीत शिस्टोसोमाची अंडी असल्याचे जाहीर केले. पुढे त्यांनी तिथल्या पाण्यात राहणारी, टोपीसारख्या कवचाची फेरिसिया ही इवलीशी गोगलगाय या रोगाची वाहक असल्याचे दाखवले. माणसात होणाऱ्या शिस्टोसोमाचे भारतातले ठिकाण म्हटले की जगभरच्या वैद्यकीय साहित्यात आजही गिमवीचे नाव येते. कपडे धुणे, गुरे धुणे, पोरांचे डुंबणे हे सगळे जिथे एकाच ओढ्यावर होते, तिथे या कृमीला आणखी काही लागत नाही.

लढाईची भाषा

शरीर रोगाशी ‘लढते’ ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधीतरी कुणाला तरी सुचली असेल असे वाटतच नाही. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावात इल्या मेच्निकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या. परक्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात, हा सिद्धान्त यातून उभा राहिला. १९०८ मध्ये मेच्निकॉफ आणि पॉल एर्लिख यांना विभागून नोबेल मिळाले. तेव्हापासून हल्ला, संरक्षण, फौज, शिपाई हे शब्द वैद्यकात रुजले. मराठीत तर आपण ‘प्रतिकारशक्ती’ हाच शब्द घडवला.

देवी, घटसर्प, धनुर्वात यांच्यापुढे ही भाषा चोख चालली. शिस्टोसोमापुढे ती अडखळली. लढाईत दोनच शक्यता: कुणीतरी जिंकतो किंवा हरतो. इथे कृमी वर्षानुवर्षे मरत नाही आणि बहुतेक वेळा माणूसही मरत नाही. म्हणून पहिले उत्तर आले तेही लढाईच्याच भाषेत. शत्रू वेष पालटून आला आहे, असे ते उत्तर होते.

परजीवी आपल्या यजमानासारखेच रेणू अंगावर बाळगून ओळख लपवत असावेत, ही कल्पना रेमंड डेमियन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ साली नीट मांडली. लंडनजवळच्या मिल हिलमधील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत स्मिथर्स आणि टेरी या जोडीने तिला प्रयोगांचे बळ दिले. एका माकडातले मोठे कृमी काढून त्यांनी दुसऱ्या माकडाच्या शिरेत सोडले. या दुसऱ्या माकडाला नंतर कृमीच्या कोवळ्या पिल्लांची लागण करू पाहिली, तर पिल्ले टिकली नाहीत. माकड आता प्रतिकार करत होते. पण ज्या मोठ्या कृमींमुळे हा प्रतिकार जागा झाला, ते मात्र त्याच रक्तात निवांत होते.

त्यापुढचा प्रयोग अधिक बोलका. उंदरात वाढलेले कृमी माकडात घातले, तर काही दिवस अडखळून ते पुन्हा सावरत. पण माकडाला आधी उंदराच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला लावली असतील, तर तेच कृमी नष्ट होत. म्हणजे उंदरातून आलेला कृमी अंगावर उंदराचे रेणू पांघरून आला होता. माकडाने उंदीर ओळखला आणि कृमी सापडला! १९७६ मध्ये याच परंपरेतल्या प्रयोगांनी दाखवले, की माणसाच्या रक्तात वाढवलेली पिल्ले ए आणि बी रक्तगटांचे रेणूही अंगावर चढवतात. गावात येणारा बहुरूपी पोलीस होऊन येतो तसा हा कृमी यजमान होऊनच यजमानाच्या घरात वावरतो.

बहुरूप्याच्या या गोष्टीने एका प्रश्नाचे उत्तर दिले: कृमी दिसत का नाही? पण नुसते न दिसणे पुरेसे असते, तर ज्या प्राण्यात पहारेकरीच नाहीत तिथे या कृमीची चैन व्हायला हवी होती. झाले नेमके उलटे.

अंडे बाहेर कोण काढतो?

आता त्या बाणाकडे येऊ. शिस्टोसोमाची एक मादी दिवसाला सुमारे तीनशे अंडी घालते. त्यांतली बरीच बाहेर पडतात. उरलेली रक्ताबरोबर वाहत जाऊन यकृतात अडकतात. रोग होतो तो मुख्यतः या अडकलेल्या अंड्यांमुळे. १९६७ साली केनेथ वॉरेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अंड्याभोवती जी गाठ बनते ती शरीराच्याच पेशींची असते. पांढऱ्या पेशी अंड्याला घेरतात, थरावर थर चढतात, पुढे तिथे चिवट तंतू जमतात. अशा हजारो गाठींनी यकृतातला रक्ताचा मार्ग चोंदतो, पोट फुगते, अन्ननलिकेतल्या शिरा तट्ट होतात आणि एखादा रुग्ण रक्ताची उलटी होऊन दगावतो. यावरून असे वाटले, की कृमी निमित्तमात्र. घात करते ती शरीराचीच अतिरेकी प्रतिक्रिया.

१९७८ साली माइक डोएनहॉफ आणि सहकाऱ्यांनी टी-पेशी काढून घेतलेल्या उंदरांना शिस्टोसोमाची लागण केली. टी-पेशी या प्रतिकाराच्या सूत्रधार. त्याच नाहीत म्हटल्यावर कृमीला रान मोकळे. पण या उंदरांच्या विष्ठेत अंडी फारच थोडी सापडली. अंडी घातली जात होती, ती बाहेर पडत नव्हती. लागण झालेल्या धडधाकट उंदरांचे रक्तद्रव्य टोचल्यावर ती पुन्हा काही प्रमाणात बाहेर पडू लागली. अर्थ स्पष्ट होता. अंड्याला शिरेतून आतड्यापर्यंत ढकलत नेतो तो यजमानाच्या पेशींचा घेरावच. ज्या सुजेने अंडे संपवायचे, तीच सूज अंड्याची पालखी वाहते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. टी-पेशी नसलेल्या उंदरांत गाठी नीट बनत नाहीत, पण म्हणून त्यांचे यकृत वाचत नाही. अंड्यातून पाझरणारी विषारी द्रव्ये मोकळी सुटतात आणि भोवतालच्या पेशी मरतात. गाठ हा रोगही आहे आणि कुंपणही. हे वाचल्यावर शत्रू कोण आणि शिपाई कोण, ही विभागणी करता येईनाशी होते.

उंदरांत दिसलेले माणसातही दिसले. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमू शहरात, पाण्यात उभे राहून गाड्या धुणाऱ्या कामगारांची पाहणी झाली. त्यांतल्या अनेकांना शिस्टोसोमाची लागण होती आणि काहींना एचआयव्हीचीही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या टी-पेशी एचआयव्हीने घटवल्या होत्या त्यांच्या विष्ठेत, अंगातल्या कृमींच्या मानाने, अंडी कमी होती. पहारा ढिला पडला तसा अंड्यांना वाट दाखवणाराही राहिला नाही. आणि विष्ठेतल्या अंड्यांवरूनच रोग ओळखण्याची रीत असल्याने, अशा माणसातली लागण नजरेतून सुटण्याचा धोका वाढला.

संदेश आणि त्याचे ऐकणारे

पेशी एकत्र येतात, घेरतात, मागे हटतात, ते कुणाच्या सांगण्यावरून? गेल्या सत्तर वर्षांत याचे उत्तर मिळत गेले. पेशी एकमेकींना रेणूंच्या रूपाने निरोप धाडतात. अशा पहिल्या काही रेणूंपैकी इंटरफेरॉन १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना सापडला, तोही मिल हिलच्या त्याच संस्थेत. आज या संदेशवाहकांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात. निरोप वाचण्यासाठी पेशीच्या अंगावर ग्राहक नावाची प्रथिने असतात. रेणू ग्राहकात बसला की पेशी कामाला लागते. संदेश आणि ग्राहक म्हणजे दवंडी आणि कान.

यांतला एक संदेश म्हणजे टीएनएफ. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाच्या गाठी मारणारा रेणू म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याच शहरात अँथनी सेरामी वेगळ्याच वाटेने निघाले होते. आफ्रिकेत निद्रारोगाच्या परजीवीमुळे गुरे झिजून मरतात. सेरामींनी सशांमध्ये त्या लागणीचा अभ्यास केला, तेव्हा त्या झिजण्यामागे यजमानाच्याच पांढऱ्या पेशींतून येणारा एक रेणू आहे असे दिसले. त्याला त्यांनी कॅकेक्टिन म्हटले. १९८५ साली कळले, की कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच. गाठ मारणारा आणि देह झिजवणारा रेणू एकच असावा, हा योगायोग नव्हता. दवंडी तीच, ऐकणारे वेगळे.

आणि मग १९९२ साली ‘नेचर’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेतला एक निबंध आला. अमीरी, मॅकेरो आणि सहकाऱ्यांनी टी-पेशी आणि बी-पेशी जन्मतः नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यात अपेक्षेप्रमाणे गाठी धड बनत नव्हत्या. टीएनएफ दिल्यावर गाठी बनू लागल्या. इथवर ठीक. पण त्याबरोबर कृमींचे अंडी घालणेही वाढले. उंदीर बाजूला ठेवून नुसते कृमी काचपात्रात टीएनएफमध्ये ठेवले, तरी अंडी वाढली. यजमानाने आपल्या पेशींसाठी पिटलेली दवंडी कृमी स्वतः ऐकत होता आणि तिचा अर्थ आपल्या सोयीचा लावत होता. गावात दवंडी पिटली जाते ती गावकऱ्यांसाठी, पण वेशीबाहेर बसलेल्या चोरालाही कान असतात.

या निष्कर्षावर वादही झाले. पुढे सगळ्याच प्रयोगशाळांना तसेच दिसले नाही. काहींच्या काचपात्रात टीएनएफने अंडी वाढण्याऐवजी घटली. विज्ञानाच्या इतिहासात हे नेहमीचेच. एखादा निष्कर्ष तपशिलात डळमळतो, पण त्याने विचारलेला प्रश्न टिकून राहतो. कृमीला खरोखरच यजमानाचे ‘कान’ आहेत का, हा तो प्रश्न.

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. १९९८ मध्ये कृमीच्या पृष्ठभागावर टीजीएफ-बीटा या दुसऱ्या एका संदेशाच्या ग्राहकांच्या कुळातले प्रथिन सापडले. टीजीएफ-बीटा हा आपल्या शरीरात इतर कामांबरोबर सूज शमवण्याचा निरोपही देतो. २००१ साली स्टीफन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले, की ज्या उंदरांत टी आणि बी पेशी बनतच नाहीत, त्यांच्यात शिरलेले कृमी खुरटे राहतात. यकृतातल्या टी-पेशींचा सहवास मिळाल्याशिवाय ते नीट वयातच येत नाहीत. मोकळ्या रानात कृमी माजला नाही, उलट त्याची वाढ अडली! २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी कृमीमध्ये टीएनएफच्या ग्राहकाचे जनुक शोधले. मानवी टीएनएफ दिल्यावर कृमीच्या अनेक जनुकांचे काम बदलते, हेही त्यांनी नोंदवले. याच वर्षी कृमीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात टीएनएफसारखा संदेश बनवणारे जनुक मात्र सापडले नाही. दवंडी पिटणारा घरात नाही, पण ऐकणारा कान आहे. मग तो कान कुणाचा आवाज ऐकण्यासाठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

पाहुणाही बोलतो

आतापर्यंत कृमी नुसता ऐकत होता. तो बोलतोही. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार वेगळे केले. एक प्रकार जंतूंना मारणारी तीव्र प्रतिक्रिया चेतवतो, दुसरा प्रतिपिंडांची, डागडुजीची बाजू सांभाळतो. १९९१ मध्ये दिसले, की शिस्टोसोमाच्या लागणीत पहिले काही आठवडे पहिल्या प्रकारचा जोर असतो आणि अंडी पडू लागली की पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. ते झुकवणारे अंडेच. अंड्यातून पाझरणारे ओमेगा-१ नावाचे प्रथिन हे घडवून आणते, असे २००९ साली लायडन आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. जर्मनीतल्या संशोधकांनी त्याआधीच अंड्यातले आणखी एक प्रथिन शोधले होते. ते एका जातीच्या पांढऱ्या पेशींकडून इंटरल्यूकिन-४ हा संदेश वदवून घेते. आवाज यजमानाचा, शब्द पाहुण्याचे.

ही फसवणूक म्हणावी का? इंटरल्यूकिन-४ बनवू न शकणारे उंदीर या लागणीत धडधाकट उंदरांपेक्षा लवकर मरतात. म्हणजे पारडे झुकले म्हणून यजमान जगतो. त्याची किंमत पुढे यकृतात जमणाऱ्या तंतूंच्या रूपाने मोजावी लागते. कृमीलाही यजमान जिवंतच हवा आहे. दोघांच्या स्वार्थाची ही सांगड हजारो वर्षांत बसलेली आहे आणि तिचा हप्ता फुगल्या पोटाच्या पोरांना भरावा लागतो. सहजीवन म्हणून तिचे कौतुक करावे असे मला वाटत नाही. पण तिला लढाई म्हणून तिचे स्वरूप कळत नाही, एवढे नक्की.

हा एकट्या शिस्टोसोमाचा स्वभाव नाही. काळा आजार आणि चिघळणारे फोड देणारा लिश्मानिया हा एकपेशीय परजीवी तर थेट पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भास्कर साहा आणि सहकाऱ्यांनी २००३ आणि २००४ साली त्याची एक युक्ती उलगडली. टी-पेशी या पांढऱ्या पेशीला सीडी-४० या ग्राहकावाटे निरोप देते. तो पेशीच्या आत दोन वेगवेगळ्या वाटांनी पोचू शकतो. एका वाटेने गेला तर परजीवीला मारण्याचा हुकूम सुटतो, दुसऱ्या वाटेने गेला तर शांत राहण्याचा. लिश्मानिया पहिली वाट दाबतो आणि दुसरी मोकळी करतो. निरोप तोच राहतो, पोचेपर्यंत त्याचा अर्थ फिरतो. पहिली वाट औषधाने पुन्हा उघडली, तर परजीवी मारला जातो, हेही या गटाने दाखवले.

‘वाढवा’ आणि ‘दाबा’ यांच्या पलीकडे

या इतिहासाचा उपयोग काय, असे कुणी विचारील. करोनाच्या साथीपासून आपल्याकडे काढ्यापासून गोळ्यांपर्यंत सगळे काही ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून विकले जाते. शक्ती म्हटली की ती वाढवायची, हे ओघाने आले. पण शरीरात वाढवण्याजोगी अशी एकच शक्ती नाही. तिथे निरोप आहेत आणि प्रत्येक निरोपाला अनेक कान आहेत. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे १९९८च्या सुमारास बाजारात आली. अनेकांचे आखडलेले सांधे त्यांनी मोकळे केले. २००१ पर्यंत त्याच औषधांमुळे काही रुग्णांत दबलेला क्षय उफाळल्याचे दिसले. क्षयाच्या जंतूभोवतीची गाठ टिकून राहते तीही टीएनएफच्या भरवशावर. आपल्या देशात तर दबलेला क्षय कितीतरी जणांच्या अंगात असतो. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात. निरोप बंद केला की तो सगळ्यांसाठीच बंद होतो.

शिस्टोसोमावर १९७०च्या दशकात प्राझिक्वांटेल हे उत्तम औषध निघाले. गोळी स्वस्त, एका दिवसाचा उपचार. पण उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की प्रतिपिंडे नसतील तर या औषधाचा प्रभाव कमी पडतो. औषध कृमीच्या अंगावरचा बुरखा फाडते आणि पुढचे काम यजमानाची प्रतिपिंडे करतात. किसुमूच्या कामगारांत मात्र एचआयव्ही असूनही गोळी चांगली लागू पडली, ही दिलाशाची गोष्ट. तरी गोळी पुन्हा होणारी लागण थांबवत नाही. औषध घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरतो. आजही जगात पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगासाठी प्रतिबंधक उपचारांची गरज आहे आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत आहेत.

लस अजून वापरात आलेली नाही. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या एका लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सेनेगलमधल्या मुलांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर तयार झाली, पण रोगाचे उलटणे म्हणावे तसे लांबले नाही. लस म्हणजे फौजेला शत्रूचे चित्र दाखवणे, असे मानले तर हे अपयश कोड्यात टाकते. पण शत्रू आपली दवंडी ऐकून वाढतो, आपल्याच सुजेवर स्वार होऊन बाहेर पडतो आणि आपल्या पेशींकडून हवे ते वदवून घेतो, हे लक्षात घेतले तर लशीने फौज किती मोठी उभी केली यापेक्षा ती कोणता निरोप देऊन उभी केली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लस शोधणाऱ्यांना आता तोच प्रश्न सोडवायचा आहे.

मराठीत आपण परजीवी ज्याच्या घरी राहतो त्याला यजमान म्हणतो. पूजेला बसणारा, खर्च उचलणारा, पाहुण्यांची ऊठबस करणारा तो यजमान. शास्त्रीय परिभाषा घडवणाऱ्यांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्या मनात काय होते कोण जाणे, पण तो नेमका बसला आहे. गिमवीच्या ओढ्यात किंवा व्हिक्टोरियाच्या काठी पाण्यात उभा राहून काम करणारा माणूस या पाहुण्याला आमंत्रण देत नाही. मात्र त्याचे शरीर पाहुण्याला खाऊ घालते, वाढवते, कधी वयात यायचे ते कळवते आणि त्याची अंडी वेशीबाहेर पोचवते. ही सरबराई बंद करण्याचे जुने उपाय अजूनही तेच आहेत: स्वच्छ पाणी, शौचालय, गोगलगाईंचा बंदोबस्त आणि वेळेवर दिलेली गोळी. पाण्यात उतरल्याशिवाय ज्याचे पोट भरत नाही, त्याच्यापर्यंत ते चारही पोचलेले नाहीत.